बारीक हात

सुंदरबाईची राख सावडून आल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी राधाकिशननं तिचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि तो म्हशीखाली धारेला बसला. दुसरा इलाज नव्हता. काजळीचं रेडकू दोन महिन्यांपूर्वी मेलं, तेव्हापासून ती सुंदरबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आणि सुंदरबाई कापूस वेचता वेचता छातीला हात लावून खाली बसली, ती उठलीच नाही. माणसाला समजावता येतं. म्हशीला कोण समजावणार? दोन दिवसांत कास दगडासारखी झाली. मुलगा शिवशंकर धारेला बसला तर तिनं चरवी उडवून दिली. सून विजयमाला पाचव्या महिन्यात, तिला राधाकिशननं दावणीकडं फिरकूच दिलं नाही. शेवटी तीच दाराआडून म्हणाली, "मामा, आत्याबाईचं लुगडं पांघरून बसा. वासावर सोडंल ती."

काजळीनं मान वळवली, लुगडं हुंगलं, नाकपुड्या फुलवून थोडा वेळ उभी राहिली आणि तिनं पान्हा सोडला. राधाकिशन खाली मान घालून धार काढत राहिला. वास त्यालाही येत होता.

शेजारचा बंकट दोन्ही वेळेला कुडावरून डोकवायचा. "काय वहिनी, आज किती लिटर?"

बंकट माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडाला बांध नव्हता. हसून झालं की हाच गडी पेला पुढं करायचा आणि फेसाळ कच्चं दूध उभ्यानंच पिऊन जायचा. सुतकातलं दूध डेअरीला घालता येत नव्हतं. मग विजयमालानं ते तापवून विरजलं. तेराव्याला त्याचंच ताक झालं, कढी झाली. तांबडवाडी सारी दोनशे माणसांची. सगळा गाव जेवून गेला. कढी चांगली झाली म्हणाला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, काजळीनं वैरण तोंडाला लावली नाही. पेंड ठेवली तर नुसतं नाक लावलं. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. मान ताणून ती घोगऱ्या आवाजात ओरडायची, पण आवाज नीट निघत नव्हता.

"घशात अडकलंय काहीतरी," राधाकिशन म्हणाला. "मक्याचं कणीस असंल."

शिवशंकर कापसाची गाडी भरून सिरसाळ्याला गेला होता. राधाकिशननं वेसण खुंट्याला आवळून बांधली, डाव्या हातानं जीभ बाहेर ओढून धरली आणि उजवा हात आत घातला. हात मोठा, बोटं जाड. पंज्याच्या पुढं जाईना. म्हैस धडपडत होती. लाळ त्याच्या कोपरापर्यंत ओघळली.

विजयमाला शेणाची पाटी घेऊन उभी होती.

"विजे, इकडं ये. तुझा हात बारीक हाय."

ती थांबली. मग पाटी ठेवली, बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि हात आत घातला. बोंडं वेचून वेचून तिची बोटं शेंड्याला फाटलेली होती. राधाकिशन जीभ धरून विचारत होता, "काय लागतंय?"

"कायच न्हाई मामा. नुसती लाळच हाय."

"आत बघ. अजून आत."

म्हशीनं जबडा दाबला. विजयमाला ओरडली आणि तिनं हात काढून घेतला. दाढेनं मनगटाजवळ दोन बोटं लांब कातडं सोललं होतं. फार रक्त नव्हतं. तिनं हौदावर हात धुतला, पदराला पुसला आणि भाकरी थापायला बसली.

काजळी मंगळवारी पहाटे मेली. सोमवारी दिवसभर ती खुंट्याला धडका देत होती. एकदा तिनं स्वतःचाच पाय चावला. हे पाहिल्यावर शिवशंकरनं जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर आला तोवर म्हैस आडवी झाली होती. त्यानं लांब हातमोजे घातले, टॉर्च लावून तोंड पाहिलं, नाक पाहिलं. डाव्या नाकपुडीवर वाळलेली जुनी खूण होती.

"महिन्या-दोन महिन्यांत कुत्रं आलं होतं का इकडं?"

जमलेल्यांतली विमलबाई म्हणाली, "आलतं की. एक तांबडं कुत्रं माळावर फिरत व्हतं. ते मेलं बी मंग नाल्यात."

डॉक्टर उठला. "म्हैस पिसाळलेली होती. तपासणीला डोकं पाठवावं लागेल. पण मला तरी शंका नाही." मग त्यानं घरच्यांकडं वळून विचारलं, "हिच्या तोंडात कुणी हात घातला होता का?"

राधाकिशननं दाराकडं पाहिलं. विजयमाला चौकटीत उभी होती. तिनं मनगटावर पदर ओढला आणि मान हलवली. अशी हलवली की फक्त त्यालाच दिसावी.

"न्हाई," राधाकिशन म्हणाला.

का म्हणाला हे त्याला माहीत होतं. विजयमालाची याआधी दोन पोटं सांडली होती. दुसऱ्या खेपेला ताप आला म्हणून सुई घेतली आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून सुई म्हटलं की ती थरथर कापायची. तिची आणि शिवशंकरची खात्रीच होती, मूल सुईनंच गेलं. आणि त्याला स्वतःलाही तोंड नव्हतं. हात घाल म्हणणारा तोच होता.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली. पिसाळलेल्या म्हशीचं ताक गाव प्याला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिबिर लागलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम जीप घेऊन आल्या. सोबत बर्फाच्या पेटीत लस होती. गावची आशाताई रहिमाबी दारात खुर्ची टाकून बसली होती. पंक्चरवाल्या मकसूदची ती बायको. पंधरा वर्षं ती याच वाडीत गोळ्या वाटत होती, बाळंतपणाला बायका नेत होती. तिनं सकाळीच घरोघर जाऊन प्रत्येकाला तीन गोष्टी विचारल्या होत्या. दूध कच्चं पिलात का? म्हशीची लाळ अंगाला लागली का? तिच्या तोंडात हात कुणी घातला का?

शाळेपुढं सगळी वाडी उभी होती. म्हातारी, लेकरं, बाया. ढकलाढकली चालली होती.

"ऐका!" मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. "दूध तापवलेलं होतं. त्याचं ताक पिणाऱ्यांना भीती नाही. त्यांनी घरी जायचं. कच्चं दूध पिणारे आणि लाळेत हात गेलेले, एवढेच पुढं या."

"असं कसं?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमी काय माणसं न्हाई का? तुमची पेटी कशाला हाय मंग?"

"पेटीत चाळीस माणसांची लस आहे. ती ज्याला गरज आहे त्यालाच मिळणार."

"मला गरज हाय!" बंकट पुढं घुसला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मॅडम, मी कच्चं पिलोय. रोज. दोन टाइम. पेला भरून."

"तुमी रोज कावून पेत व्हताव?" रहिमाबीनं विचारलं.

"फुकट व्हतं म्हणून," बंकट म्हणाला. गर्दीत चार माणसं हसली. तो बाही वर करत म्हणाला, "हसा लेको. मी भुंकाय लागलो म्हंजी पयले तुमालाच चावंन."

राधाकिशन निंबाखाली उभा होता. त्याच्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं. एक म्हातारा जाता जाता थुंकला आणि म्हणाला, "तेराव्याला जेवाय बोलावलं का आमचा तेरावा घालाय बोलावलं, बे?"

राधाकिशननं ऐकून घेतलं. तेरा दिवस सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आता त्याच्या घराच्या पाण्यालाही कुणी शिवत नव्हतं.

रहिमाबी यादी घेऊन त्याच्याजवळ आली. "चाचा, तुमचं नाव न्हाई यात. धार तुमी काढत व्हताव."

"धारेची कुठं लाळ ऱ्हाती?"

"तोंड कुणी उघडून बघितलं तिचं? दोन दिस खात नव्हती. कुणीतरी बघितलंच असंल. सगळीच बघतेत."

"न्हाई बघितलं."

रहिमाबीनं यादी मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगते. हा रोग वर येईस्तोवर औषध हाय. वर आल्यावर न्हाई. जगात कुठंच न्हाई. चार दिस, महिना, सहा महिने, कवा वर येईल सांगता येत न्हाई. आला की माणूस जातंच."

संध्याकाळी ती घरी आली. लोहाच्या गोळ्यांचं निमित्त होतं. विजयमाला चुलीपुढं बसली होती. उजव्या मनगटाला चिंधी होती.

"काय झालं गं हाताला?"

"तव्याचा चटका."

"बघू."

"काय बघायचं त्यात भाबी? हळद लावलीय."

शिवशंकर मधे आला. "भाबी, गोळ्या ठेवा. ती खाईल." तो उंबऱ्यावर असा उभा राहिला की रहिमाबीला आत जाता येईना. तिनं गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. जाताना तिनं ओसरीवर बसलेल्या राधाकिशनकडं पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

म्हणजे शिवशंकरला कळलं होतं. राधाकिशनला बरं वाटलं. आता पोरगा बघंल काय ते, असं त्याला वाटलं. पण सकाळी तो उठून पाहतो तर शिवशंकर मोटारसायकल पुसत होता. विजयमाला डोक्यावरून पदर घेऊन, ओच्यात मूठभर बाजरी बांधून उभी होती.

"कुठं चाललाव?"

"सात विहिरी झाकून येतो," शिवशंकर म्हणाला. "विमलमावशी म्हणली, कुत्रं चावलेल्या माणसानं सात विहिरीत तोंड बघायचं आन् दाणं टाकायचं. इख उतरतंय. तिच्या चुलत्याचं उतरलतं."

"त्याला खरंच पिसाळलेलं चावलतं का?"

"ते काय कुत्र्याला इचारलं का त्यांनी?" शिवशंकर चिडला. "आबा, दोन गेली माझी. तिसरं मी सुईखाली देणार न्हाई. तुमी मधे पडू नका. तुमीच लावलं न तिला हात घालाय?"

विजयमाला गाडीवर मागं एका बाजूला पाय टाकून बसली. खड्ड्यात गाडी आदळली तसा तिनं पोटाखाली हात धरला. गाडी वळणाआड गेली.

तो ओसरीवर येऊन बसला. स्वतःचा डावा हात त्यानं उलटासुलटा करून पाहिला. जीभ याच हातानं धरली होती. अंगठ्याजवळ विळ्याची जुनी चीर होती, ती उकललेली. हे त्याला रविवारीच दिसलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं काय, असं त्याच्या मनात आलं होतं. घरात जिकडंतिकडं सुंदरबाई नव्हती. सकाळी चहा करून कुणासाठी ठेवायचा हेही आठवावं लागत होतं. रोग आला तर आला. त्या विचारानं त्याला भीती वाटली नव्हती, उलट झोप लागली होती.

पण विजयमाला चोवीस वर्षांची होती. तिनं हात घातला तो तिला काही बघायचं होतं म्हणून नव्हे. सासऱ्यानं सांगितलं म्हणून. तुझा हात बारीक हाय. अजून आत. त्याचे स्वतःचेच शब्द त्याला ऐकू येत होते. चार दिवस झाले होते. रहिमाबी म्हणाली होती, वर आल्यावर न्हाई.

तो उठला आणि अनवाणीच चालायला लागला.

मकसूदचं दुकान रस्त्याला, फाट्यावर होतं. पंक्चर काढायचं, विहिरींचे पंप दुरुस्त करायचे. पुढं त्याची मालाची रिक्षा उभी होती. मकसूद ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. रहिमाबी मागच्या खोलीत होती, कामावर निघायची तयारी करत होती.

राधाकिशन दारात उभा राहिला. "बाई, हात घातलता."

ती तशीच थांबली. "कुणी?"

"सुनंनं. मी सांगितलं तिला. दाढ लागली मनगटाला. मी शंभर माणसात खोटं बोललो." त्यानं दाराची चौकट धरली. "ती पोरं सात विहिरी झाकाय गेलीत."

रहिमाबी एक शब्दही वाईट बोलली नाही. पिशवी उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "अजी, उठा. रिक्षा काढा."

मकसूदनं हात पुसले. "सात विहिरी? आता हायेत कुठं सात? सगळीकडं बोरं पाडलीत लोकांनी. पाण्याच्या पाचच उरल्यात या शिवारात. पंप मीच बशिवतो न. वाडीतल्या दोन झाल्या असतील. तिसरी ओढ्याची. चौथी आंब्याची. तिथं गावतील."

रिक्षा चिखल वाळलेल्या चाकोरीतून उड्या मारत निघाली. राधाकिशन मागं दांडी धरून उभा होता. दोन्ही बाजूंना पांढरा कापूस. ओढ्याच्या विहिरीवर कुणी नव्हतं, काठावर चार दाणे बाजरीचे पडले होते. मकसूदनं गाडी न थांबवता पुढं दामटली.

आंब्याच्या विहिरीवर मोटारसायकल उभी होती. विहिरीला कठडा नव्हता. चारी बाजूंनी दगड सुटलेले. विजयमाला अगदी काठावर गुडघे टेकून वाकली होती. पाणी खोल होतं, तोंड दिसत नसावं, म्हणून ती अजून वाकत होती. शिवशंकरनं तिचा पदर मुठीत धरला होता. नुसता पदर.

राधाकिशनच्या तोंडाशी हाक आली. पण हाकेनं ती दचकली तर? तो आवाज न करता चालत गेला. पाच पावलं राहिली. तीन. तिच्या पायाखालून खडा सुटला आणि बऱ्याच वेळानं खाली डुबूक वाजलं. शिवशंकरनं मागं पाहिलं. "आबा?"

"तिला मागं घे आधी. दंडाला धरून घे."

शिवशंकरनं तिला मागं घेतलं. ती जमिनीवर बसली. धापा टाकत होती. रहिमाबीला पाहिल्यावर तिनं मनगट पोटाशी धरलं.

"सांगितलं तुमी," शिवशंकर बापाला म्हणाला.

"सांगितलं."

"काल शंभर माणसात न्हाई म्हणलाव. आज काय झालं?"

"काल खोटं बोललो."

"मला न्हाई द्यायची सुई! दवाखान्यातली लोकं काय, टोचून मोकळी. पोट सांडल्यावर रडाय आमी."

रहिमाबी विजयमालाजवळ बसली. "विजयमाला, मागच्या खेपेला तुला अंबाजोगाईला कोण घेऊन गेलतं?"

"तुमी."

"मंग मला माहीत हाय. तुला चार दिस ताप व्हता. अंगावर काढलास. तापानं गेलं ते, सुईनं न्हाई. सुई एक दिस आधी दिली असती तर कदाचित ऱ्हायलं असतं. ही लस पोटुशीला चालती. मॅडमला मी कालच इचारलंय, नाव न सांगता." मग ती शिवशंकरकडं वळली. "आन् भाऊ, तू मला एवढंच सांग. हीच न्हाई ऱ्हायली तर पोट कुठं ऱ्हाईल?"

विहिरीकडं तोंड करून शिवशंकर उभा राहिला. मकसूद रिक्षाजवळच थांबला होता, तिकडं न बघता.

विजयमालानं मनगटावरची चिंधी आवळली. मग तिनं मान वर केली. सासऱ्याच्या तोंडाकडं सरळ पाहायची तिला सवय नव्हती, तरी तिनं पाहिलं.

"मामा, तुमी घेताव का?"

"काय?"

"सुई. जीभ तुमी धरलती. तुमच्या अंगठ्याला चीर हाय. मी बघितलीय. शाळंत तुमी नाव दिलं न्हाई."

रहिमाबी झटकन वळली. शिवशंकरही वळला.

राधाकिशन म्हणाला, "माझं काय आता, पोरी."

"तुमचं काय न्हाई तर माझं बी काय न्हाई," विजयमाला म्हणाली. ती हळूच उठली, गुडघ्याची माती झटकली. "चला हो. तीन विहिरी ऱ्हायल्यात."

ती खरंच गाडीकडं निघाली. या पोरीनं सुंदरबाई गेल्यापासून राधाकिशनला दोन्ही वेळा ताट वाढलं होतं आणि तो अर्धी भाकरी टाकून उठला की काही न बोलता ताट उचललं होतं. तिला सगळं दिसत होतं.

"थांब," तो म्हणाला. "घेतो मी."

"खरं?"

"खरं म्हणलं न."

"आबा..." शिवशंकर पुढं आला. त्यानं बापाचा डावा हात धरून उलटा केला, चीर पाहिली आणि सोडून दिला. "तुमाला काय बोलावं?" एवढंच तो म्हणाला. तेवढंच तो चार-पाच वेळा म्हणाला.

रहिमाबी मात्र आता ऐकत नव्हती. "अजी, साबण!" मकसूदनं ग्रीस धुवायची वडी आणली. पंप चालू केला. पाइपाच्या धारेखाली दोघांना उकिडवं बसवून तिनं हात धुवायला लावले. विजयमालाची चिंधी सोडली तेव्हा हळदीखाली जखम ओली होती. "घासा. अजून. मी सांगेस्तोवर थांबायचं न्हाई. चार दिसांनी का हुईना." सासरा आणि सून समोरासमोर बसून हात घासत राहिले. पाणी गार होतं. दोघांच्या अंगावर काटा आला होता.

रिक्षात बसल्यावर रहिमाबीनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, लस इथं आहे, पण जखमेत द्यायचं सीरम अंबाजोगाईला मिळेल, तिकडंच न्या, मी फोन करून ठेवते. दीड तासाचा रस्ता. मकसूद खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबवायचा आणि मग परत दामटायचा. शिवशंकर मागून मोटारसायकलवर येत होता. विजयमालानं पोत्यावर टेकून डोळे मिटले होते. राधाकिशन तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. ती आवंढा गिळतेय का, कुठं थरथरतेय का. वाटेत तिनं डोळे उघडले तर तीही त्याच्याकडं तसंच बघत होती. दोघांनीही नजर वळवली.

दवाखान्यात फार थांबावं लागलं नाही. सिस्टरनं दोघांची नावं, वय, दिवस विचारले. विजयमालाला बाकावर बसवलं. शिवशंकरला कागद घेऊन खिडकीवर पाठवलं. रहिमाबी पोटुशी बाईचं कार्ड दाखवायला दुसऱ्या खोलीत गेली.

"हे सीरम जखमेच्या कडेनं द्यावं लागतं," सिस्टर म्हणाली. "दुखतं. हात हलला नाही पाहिजे. धरा कुणीतरी."

खोलीत राधाकिशनशिवाय कुणी नव्हतं.

विजयमाला या घरात येऊन पाच वर्षं झाली होती. त्यानं तिच्या हाताला कधी स्पर्श केला नव्हता. चहासुद्धा ती उंबऱ्यावर ठेवायची, तो उचलायचा. तो उभाच राहिला.

"बाबा, धरा की. सून आहे ना तुमची?"

तो पुढं झाला. बाकाजवळ खाली बसला. तिनं पदर पुढं ओढला आणि हात त्याच्या दोन्ही हातांत दिला. बोटं गार होती, शेंडे फाटलेले. सिस्टरनं पहिली सुई सोललेल्या कडेला घातली. विजयमालाच्या घशातून आवाज निघाला. तिनं पदर दातात धरला. दुसरी. सुईच्या जागी कातडं पांढरं फुगत होतं. तिसऱ्या वेळी हात ओढला गेला, पण राधाकिशननं तो जाऊ दिला नाही. त्याच्या कपाळाचा घाम तिच्या मनगटावर पडला.

"किती ऱ्हायल्यात?" त्यानं विचारलं.

"दोन."

"पटकन द्या न बाई."

"पटकन देत नसतात. हळूच द्यावं लागतं."

शेवटची झाली तेव्हा विजयमालाचे डोळे वाहत होते. ती दातातला पदर सोडून म्हणाली, "मामा, आता सोडा. हाताला मुंग्या आल्यात."

त्यानं सोडला. मनगटाच्या वर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. सिस्टरनं ते पाहिलं आणि हसली. मग तिच्या दंडात लस दिली. ती झाल्यावर स्टूल ओढून म्हणाली, "चला बाबा, आता तुम्ही."

राधाकिशननं सदऱ्याची बाही वर केली. सुंदरबाईच्या दुखवट्यात न कापलेली त्याची नखं काळी झाली होती, ती त्याला आता दिसली. सिस्टरनं अंगठ्याची चीर दाबून पाहिली. दुखलं.

"पुढची सुई रविवारी. मग त्याच्या पुढची गुरुवारी. एकही चुकवायची नाही. चुकली की सगळं वाया." ती पेन घेऊन थांबली. "रविवारी नक्की येणार ना? म्हातारी माणसं म्हणतात येतो आणि येत नाहीत. कोण आणणार तुम्हाला?"

राधाकिशन काही बोलायच्या आत बाकावरून विजयमाला म्हणाली, "मी आणते त्यान्ला."

तिचा आवाज रडून बसला होता, पण चढा होता. सुंदरबाई गेल्यापासून घरात इतक्या चढ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. राधाकिशननं अंगठा सिस्टरपुढं केला.

"घाला," तो म्हणाला.